पिकअप गाडीच्या हौद्याचें अस्तर व केबिनमधील मॅट यांची निगा

ज्यांच्या घरीं थोडीबहुत बागायत आहे अशा पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारांत बैलगाडीच्या जागीं आज पिकअप गाडी उभी दिसते. टाटा कंपनीची ‘एस’ ही लहान गाडी २००५ सालीं बाजारांत आली व लोकांनीं तिला ‘छोटा हत्ती’ असें नांव दिलें. तेव्हांपासून तर दोनचार एकरांच्या खातेदारासही आपला माल आपल्याच गाडीनें बाजार समितींत नेण्याची सोय झाली. ही गाडी बहुधा कर्ज काढून घेतलेली असते आणि तिचे हप्ते कित्येक वर्षें चालतात. इंजिनाचें ऑइल केव्हां बदलावयाचें, टायरांत हवा किती असावी, हें गाडीचा मालक सहसा विसरत नाहीं. परंतु हौद्याचा तळ आणि केबिनमधील पायाखालची जागा यांकडे पाहण्याची संवय मात्र फारच थोड्यांस असते. कारण उघड आहे. या दोन्ही जागा अस्तराखालीं झांकलेल्या असतात, आणि जें झांकलेलें आहे तें सुरक्षित आहे अशी आपली समजूत असते. ही समजूत किती महाग पडते हें वाचकांच्या ध्यानांत आणून द्यावें, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

गाडीला अस्तर घालण्याची कल्पना नवी नाहीं. शेणखत वाहावयाचें असलें म्हणजे आपले वाडवडील बैलगाडीच्या साट्याला तट्ट्या लावीत, आणि काम संपलें कीं त्या सोडून, झटकून गोठ्याच्या भिंतीला टेंकवून ठेवीत. तट्ट्या बारा महिने गाडींतच राहूं द्याव्या असें कोणाच्या मनांत येत नसे. कारण ओल्या खताखालीं लांकूड कुजतें, हें प्रत्येकास ठाऊक होतें. लांकूड जाऊन लोखंड आलें, तट्ट्या जाऊन रबर आलें, पण नियम पालटला नाहीं. जें अस्तर उचलून त्याखालीं कोणी पाहत नाहीं, तें पत्र्याचा नाश थांबवीत नसून तो आपल्या नजरेआड करितें. या लेखांतील मुख्य गोष्ट एवढीच आहे. बाकीचा तपशील तिच्याच पोटांत येतो.

हौद्यांत घालावयाच्या अस्तराचे चार प्रकार पाहण्यांत येतात. सर्वांत अधिक प्रचार आहे तो जाड रबरी मॅटचा. ती मोकळी असते व गुंडाळून बाहेर काढतां येते, म्हणून शेतकऱ्यास तीच सर्वांत सोयीची, असें आमचें मत आहे. दुसरा प्रकार सांच्यांतून काढलेल्या कठीण प्लॅस्टिकच्या अस्तराचा. तें हौद्याच्याच आकाराचें असून बाजूंवरही चढतें. अमेरिकेंत हें फार चालतें. आपल्याकडे तें मुख्यतः चार दारांच्या, हौसेच्या पिकअपमध्यें आढळतें. तें वरून अगदीं नवें दिसतें, परंतु गाडी हादरली कीं त्याच्या कडा खालचा रंग घासून काढतात व त्या घासलेल्या जागींच पाणी उतरतें. तिसरा प्रकार फवाऱ्यानें मारावयाच्या लेपाचा. हा लेप पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरिया या जातीच्या द्रव्याचा असून पत्र्याशीं एकजीव होतो, त्यामुळें त्याच्या खालीं पाणी सांचावयास जागा राहत नाहीं. मात्र लेपापूर्वीं पत्रा पूर्ण स्वच्छ, कोरडा व खरखरीत केलेला असला पाहिजे. गंजावर मारलेला लेप म्हणजे पू न काढतां गळवावर बांधलेली पट्टी होय.

चौथा प्रकार घरगुती आहे. कोणी प्लायवूडचा तुकडा टाकितो, कोणी जुनी ताडपत्री घडी करून अंथरतो, कोणी वेल्डिंगवाल्याकडून चेकर्ड पत्रा बसवून घेतो. प्लायवूड पाणी पितें व पावसाळाभर ओलें राहतें. तें न वापरलेलें बरें. चेकर्ड पत्रा मजबूत खरा, पण तो मूळ पत्र्यावर जागोजागीं नुसते टांके देऊन बसविला तर दोन पत्र्यांच्या मध्यें पाणी शिरतें, आणि तेथें ना हात पोंचत, ना केरसुणी. बसवावयाचाच असेल तर एक तर त्याच्या कडा सर्व बाजूंनी बंद करून घ्याव्या, नाहीं तर तो नटबोल्टांवर बसवावा, म्हणजे वर्षांतून एकदां काढतां येईल.

आतां अस्तराखालीं होतें तरी काय, तें पाहूं. गंज चढण्यास लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु या तीन गोष्टी लागतात. पाण्यांत क्षार मिसळला म्हणजे हें काम अतिशय वेगानें होतें. येथें कोणी अशी शंका घेईल कीं, मॅटखालीं हवा फारशी जात नाहीं, तर तेथें गंजही कमी चढावयास पाहिजे. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. मॅटच्या कडेला ओल असून हवाही मिळते. आंतल्या बाजूस ओल असते पण हवा पोंचत नाहीं. एकाच पत्र्याच्या अशा दोन जागांमध्यें लहानशा बॅटरींत चालतो तसा विजेचा व्यवहार सुरू होतो, आणि त्यांत हवा न मिळणारी जागा झिजत जाते. म्हणूनच उघड्या पत्र्यावर गंज वरवर पसरतो व लवकर दिसतो, तर झांकलेल्या पत्र्यांत तो एकाच ठिकाणीं खोल जाऊन भोंक पाडितो. त्यांत मॅटखालीं वाळूचे खडे अडकलेले असले तर गाडीच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर ते रंगावर कानशीसारखे फिरतात. रंग खडा काढितो. पुढचें काम पाणी करितें.

कोणत्या मालानें पत्र्यास अधिक अपाय होतो हें शेतकऱ्यानें अवश्य समजून घ्यावें, कारण व्यापाऱ्याच्या गाडीपेक्षां आपल्या गाडींत नाना तऱ्हेचा माल जातो. पहिला क्रमांक रासायनिक खतांचा. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. तें आपल्या खाण्याच्या मिठाचेंच भावंड आहे, आणि मिठाच्या हंड्याला लोखंडी पळी लावूं नये हें घरांतील कोणतीही बाई सांगेल. अमोनियम सल्फेट ओलें झालें म्हणजे आम्लाचा गुण दाखवितें. सुपर फॉस्फेटमध्यें थोडें मोकळें आम्ल असतेंच. युरिया त्या मानानें सौम्य, पण दमट दिवसांत हवेंतील ओल ओढून घेऊन पाझरण्याची खोड त्यालाही आहे. पोतें फुटलें नाहीं म्हणून खत सांडलें नाहीं असें मानूं नये. पोत्याच्या शिवणींतून, आंकडा लागलेल्या बारीक भोंकांतून मूठ-पसा खत गळतेंच, व तें नेमकें मॅटच्या कडेनें खालीं उतरतें.

द्राक्षबागाईतदारांस मोरचुदाविषयीं निराळें सांगावयास नको. बोर्डो मिश्रण नीट झालें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांत लोखंडी विळा किंवा सुरी बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असें समजतात. तो तांबूस थर मोरचुदांतील तांब्याचा असतो, आणि तांबें जेवढें वर बसतें त्या प्रमाणांत पात्याचें लोखंड द्रावणांत उतरतें. विळ्याचें जें होतें तेंच हौद्याच्या पत्र्याचें होतें. मोरचुदाचें पोतें नेतांना खालीं जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरणें हाच उत्तम उपाय होय.

उसाचा रस, फुटलेले टोमॅटो, चिरडलेलीं द्राक्षें यांतील साखर आंबून तिचें आम्ल होतें. जनावरें वाहिलीं असतील तर मूत व शेण यांतील क्षार आहेतच. कोंकणांत मासळीच्या बर्फाचें खारें पाणी गळतें, व तेथील समुद्राची हवाही खारीच. तिकडील बंधूंनीं आम्ही पुढें सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्या मुदतीनें अस्तर उचलावें. कांदा, धान्य, कडबा यांपासून विशेष भीति नाहीं. मात्र त्यांचा कचरा पाणी जाण्याच्या भोंकांत अडकून तीं बुजतात.

आमच्या एका आप्तांच्या गाडीचें उदाहरण येथें देण्यासारखें आहे. मृगाच्या सुमारास त्यांनीं पोटॅशचीं पोतीं आणलीं. त्यांतील एक पोतें गळकें होतें. पुढें दर आठवड्यास ते हौदा पाण्यानें धूत. मॅट वरून काळीभोर व स्वच्छ दिसे, आणि गाडी किती जपली आहे याचें गांवांत कौतुकही होई. परंतु प्रत्येक धुण्यागणिक वरचें पाणी कडेनें खालीं जाऊन तेथील पोटॅश पुन्हां ओलें करी. दिवाळींत मॅट उचलली तेव्हां तिच्याबरोबर गंजाचे पापुद्रे उठून आले आणि दोन ठिकाणीं खालचा रस्ता दिसूं लागला. गाडीचे हप्ते अद्याप चालू होते. आम्हीं महसूल खात्यांत उभा जन्म पंचनामे लिहिण्यांत घालविला. अवर्षण, गारपीट, अतिवृष्टि यांचे पंचनामे होतात व कधीं कांहीं भरपाईही पदरीं पडते, पण मॅटखालच्या नुकसानीचा पंचनामा कोणी करीत नाहीं.

आतां स्वच्छतेची रीत. खत, मोरचूद, मीठ किंवा जनावरें वाहिलीं असतील त्या दिवशीं, गाडी रात्रभर तशीच न ठेवतां, मॅट बाहेर काढावी. एरवीं महिन्यांतून एकदां पुरे. प्लॅस्टिकचें सांच्याचें अस्तर वारंवार काढणें कठीण, म्हणून तें पावसाळ्यापूर्वीं एकदां व पावसाळा संपल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास एकदां असें वर्षांतून दोन वेळां तरी काढावें. दसऱ्यास आपण वाहनाची पूजा करितों. पूजेच्या आदल्या दिवशीं हें काम केलें तर तें कधीं चुकणार नाहीं.

पाणी घालण्याची घाई करूं नये. प्रथम सर्व कोरडेंच झाडून घ्यावें. सांडलेलें खत कोरडें असतांना केरसुणीनें निघतें. पाणी लागलें कीं तें विरघळून सांध्यासांध्यांत शिरतें. झाडलेलें खत पिशवींत भरून शेतांत टाकावें, फुकट जात नाहीं. यानंतर फाळका उघडून गाडी चढावर तोंड करून उभी करावी, म्हणजे हौद्यांतील पाणी मागें वाहून जाईल. हौद्याच्या कोपऱ्यांत व कडेला पाणी जाण्यासाठीं भोंकें ठेविलेलीं असतात. तीं काडीनें किंवा बोथट तारेनें मोकळीं करावीं. मग साधें पाणी व कपडे धुण्याची थोडी पूड घेऊन खराट्यानें किंवा ब्रशानें घासावें आणि भरपूर स्वच्छ पाण्यानें धुवावें. साबणाचा अंश मागें ठेवूं नये. संडास धुण्याचें ॲसिड हौद्यांत कदापि ओतूं नये; तें डाग काढतें त्याबरोबर पत्राही काढतें. गाड्या धुण्याच्या ठिकाणीं मोटारीच्या जोराचा फवारा मारतात, तो अगदीं जवळून मारूं देऊं नये, कारण सुटत आलेला रंग त्यानें उडतो व सांध्यांत पाणी घुसतें.

धुण्यापेक्षां वाळविणें अधिक महत्त्वाचें, आणि लोक चुकतात ते येथेंच. ओल्या पत्र्यावर ओली मॅट टाकली तर न धुतलेलें बरें होतें असें म्हणावें लागेल. मॅटची खालची बाजू वर करून ती बांधावर किंवा दांडीवर टाकावी. हौद्यांत कोरडें फडकें फिरवून, फाळका उघडाच ठेवून वारा लागूं द्यावा. चार बोटें सांध्यांतून फिरवून पाहावीं. तीं कोरडीं निघालीं म्हणजेच मॅट आंत घालावी. पावसाळ्यांत असा अवकाश मिळत नसेल तर एक-दोन दिवस मॅटशिवाय गाडी चालविण्यास हरकत नाहीं. त्या दिवसांत माल क्रेटांतून न्यावा व क्रेट ओढतांना रंग खरवडणार नाहीं एवढें पाहावें.

रबरासंबंधीं एक वाईट चाल गांवोगांवीं पडली आहे. मॅट काळी चमकावी म्हणून ती डिझेलनें किंवा रॉकेलनें पुसतात. खनिज तेलानें रबर फुगतें, मऊ पडतें व कांहीं दिवसांनीं चिरफळतें. शिवाय ती इतकी निसरडी होते कीं, हौद्यांत चढलेला हमाल पोतें पाठीवर असतांना घसरून पडण्याचा संभव असतो. कडक उन्हांत मॅट दिवसेंदिवस टाकून ठेवणेंही योग्य नाहीं. ऊन व हवा यांनीं रबरास बारीक भेगा पडतात. पाणी निथळेपर्यंत ऊन चालेल, मग सावलींत न्यावी. ठेवतांना घडी घालूं नये, गुंडाळी करावी; घडीवर ती पुढें फाटते.

मॅट उचलल्यावर गंज दिसला तर वेळ न दवडतां त्याचा बंदोबस्त करावा. तारेच्या ब्रशानें सुटा गंज काढून पॉलिश पेपरनें चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावें. भोंवतालचा रंगही बोटभर रुंदीनें घासावा, कारण गंज रंगाखालून पसरत असतो. पुसून, पूर्ण वाळवून त्याच दिवशीं रेड ऑक्साइड किंवा एपॉक्सी जातीचा प्रायमर लावावा आणि तो वाळल्यावर रंगाचे दोन हात द्यावे. उघडें केलेलें लोखंड रात्रभर तसेंच ठेविलें तर सकाळीं पुन्हां तांबूस झालेलें दिसेल. पत्रा अंगठ्यानें दाबून लवत असेल किंवा भोंक पडलें असेल तर रंगाचा उपयोग नाहीं; तेवढा तुकडा कापून नवा बसवावा लागतो. लेपाच्या अस्तरास कोठें चीर गेली असेल तर तेवढी जागा लेपवाल्याकडून लगेच भरून घ्यावी. चीर लहान दिसते, पण आंत गेलेलें पाणी तेथून बाहेर येत नाहीं.

येथपर्यंत पत्र्याचा विचार झाला. यापुढील विषय माणसांच्या जिवाचा आहे. ज्या हौद्यांतून सकाळीं कीटकनाशकाचे डबे आले, त्याच हौद्यांतून संध्याकाळीं मेथीच्या जुड्या बाजारांत जातात. आणि मालवाहू गाडींत माणसें बसविणें कायद्यास धरून नसलें तरी मजूर बायका त्याच मॅटवर मांडी घालून बसतात, हें आपण सर्व जाणतों. अन्न व विष एका ठिकाणीं वाहिल्यानें काय होतें याचा अनुभव देशानें घेतलेला आहे. १९५८ सालीं केरळांत शंभराहून अधिक माणसें विषबाधेनें दगावलीं. पॅराथिऑन नांवाचें कीटकनाशक आणि अन्नाचा माल हीं एकाच जहाजांतून आलीं होतीं, व गळालेलें विष अन्नांत उतरलें होतें. न्यायमूर्ति जे. सी. शहा यांच्याकडे त्याची चौकशी सोंपविण्यांत आली, आणि पुढें १९६८ सालीं कीटकनाशकांचा कायदा झाला. या कायद्याखालील १९७१ च्या नियमांत, अन्नपदार्थ किंवा जनावरांचें खाद्य यांच्याशीं प्रत्यक्ष संबंध येईल अशा रीतीनें कीटकनाशक नेऊं अगर ठेवूं नये, असें स्पष्ट सांगितलें आहे. जहाजाचा तळ काय आणि पिकअपचा हौदा काय, विषाला दोन्ही सारखेच.

म्हणून औषधांचे डबे नेण्यासाठीं झांकणाची एक प्लॅस्टिकची पेटी निराळी ठेवावी व ती हौद्यांत बांधून न्यावी. मॅटवर डबा ठेवूंच नये. रबर व विशेषतः त्याच्या भेगा औषध शोषून घेतात, आणि शोषलेलें औषध एका धुण्यानें जात नाहीं. तरीही औषध सांडलेंच, तर हातांत रबरी मोजे घालून त्यावर कोरडी माती किंवा लांकडाचा भुसा टाकावा, तो ओल पिऊन घेईल. तें सर्व भरून विहीर, ओढा व गोठा यांपासून दूर खोल पुरावें. नंतर साबणानें मॅट व पत्रा निरनिराळे धुवावे. हें पाणी ओढ्यांत सोडूं नये. मासे मरतात व खालच्या वस्तीचीं गुरें तेंच पाणी पितात. ज्या मॅटवर तीव्र औषध मुरलें आहे ती भाजीपाल्याच्या गाडींत पुन्हां न घालतां टाकून द्यावी, असेंच आम्ही सांगूं. धान्यांत घालावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची मात्र गोष्ट निराळी. त्यांना पाणी लागलें कीं फॉस्फीन हा प्राणघातक वायु निघतो. त्या सांडल्या तर पाणी मुळींच घालूं नये, आणि त्या केबिनमध्यें कधींही नेऊं नयेत.

केबिनमधील मॅट लहान असते, पण तिच्या हयगयीचा परिणाम तत्काळ होतो. पावसाळ्यांत चिखलाचे पाय घेऊनच आपण गाडींत चढतों. वरच्या मॅटवरील पाणी खालच्या रेक्झिनच्या आच्छादनाखालीं व त्याखालील नमद्यांत उतरतें. नमदा महिना-महिना ओला राहतो, केबिनमध्यें कुबट वास सुटतो व तळ आंतून गंजतो. तेव्हां आठवड्यास मॅट बाहेर काढून धुवावी, आणि वर्षांतून एकदां आच्छादनाची कड उचलून नमदा दाबून पाहावा. ओला लागला तर तो उन्हांत वाळवावा. केबिनमध्यें नळीनें पाणी मात्र मारूं नये, कारण तळाजवळून विजेच्या तारा गेलेल्या असतात.

ड्रायव्हरच्या पायाखालीं दुसरी कोणतीही वस्तु अंथरूं नये. चिखलाच्या दिवसांत मॅटवर गोणपाट, पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती वस्तु सरकत सरकत पेडलाखालीं जाते. ऑगस्ट २००९ मध्यें अमेरिकेंत कॅलिफोर्नियामधील सॅन डिएगो शहराजवळ एका लेक्सस मोटारीस अपघात होऊन चार माणसें मरण पावलीं. त्या मोटारींत दुसऱ्याच एका मॉडेलची जाड मॅट टाकलेली होती. तिच्यांत ॲक्सिलरेटर अडकला व गाडी आवरेना. त्यानंतर टोयोटा कंपनीनें मॅटच्याच कारणासाठीं सुमारे ३८ लाख गाड्या तपासणीस परत मागविल्या. एवढ्या मोठ्या कारखान्यास ज्या गोष्टीपायीं धांवपळ करावी लागली, ती गोणपाटाच्या तुकड्यानें आपल्या दारांतही घडूं शकते.

मॅट आपल्याच गाडीच्या मापाची घ्यावी, एकीवर दुसरी टाकूं नये, आणि धुऊन परत घालतांना तिचे आंकडे जागेवर बसवावे. आंकडे तुटले असतील तर नवे आणावे. त्यानंतर इंजिन सुरू करण्यापूर्वीं ॲक्सिलरेटर, ब्रेक व क्लच हे तिन्ही पूर्ण दाबून सोडून पाहावे. कोठेंही कड लागतां कामा नये. ही मॅट चमकविण्यासाठीं पॉलिश लावूं नये, कारण तेंच पॉलिश चपलेच्या तळव्यास लागून पाय ब्रेकवरून निसटतो.

पेट्रोलच्या डब्यासंबंधीं चार शब्द सांगणें जरूर आहे. पॉवर वीडर, फवारणीचा पंप, गवत कापण्याचें यंत्र यांसाठीं आतां घरोघर पेट्रोल लागतें. डबा हौद्यांतच ठेवून पंपावर तो भरून घेण्याचा प्रयत्न कित्येक जण करतात. अमेरिकेंत प्लॅस्टिकच्या अस्तरावर ठेवलेले डबे भरतांना आगी लागल्या, व तेथील कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनें १९९८ सालीं त्याविषयीं जाहीर इशारा दिला. कारण असें कीं, पेट्रोल वाहतांना डब्यांत स्थिर वीज सांचते. डबा जमिनीवर असला तर ती जमिनींत निघून जाते, परंतु प्लॅस्टिक तिला वाट देत नाहीं. मग नळीचें टोंक जवळ येतांच ठिणगी पडते. डबा मंजुरी असलेल्या जातीचा असावा, तो खालीं जमिनीवर ठेवावा, नळीचें टोंक डब्याच्या तोंडाला टेंकवून सावकाश भरावें आणि झांकण लावूनच हौद्यांत चढवावा.

शेवटीं, जुनी पिकअप विकत घेणाऱ्यांसाठीं. अशा गाड्यांचा व्यवहार हल्लीं आठवडे बाजारांतील बैलांच्या सौद्याइतकाच सर्रास झाला आहे. बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों व खूर उचलून पाहतों. गाडी घेतांना मात्र इंजिनाचा आवाज ऐकून इसार देतों. हौद्यांतील मॅट उचलल्याशिवाय इसार देऊं नये. विकणारा ती उचलूं देण्यास नाखूष दिसला तर तेवढ्यावरूनच ओळखावें. मॅटखालीं ताजा रंग असेल तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनें सर्व तळ ठोकून पाहावा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो व सडलेला पत्रा बद्द वाजतो. मग गाडीखालीं वांकून तोच भाग खालच्या बाजूनें पाहावा, विशेषतः आडव्या पट्ट्या जेथें तळाला जोडलेल्या असतात तेथें, कारण रंगवाल्याचा ब्रश तेथपर्यंत सहसा पोंचलेला नसतो.